चार पाऊण तीन

आमच्या लातुरात रस्त्यानं पायी चाललेला माणूस दिसला, की ओळखीचे लोक गाडी थांबवून चौकशी करतात. "काय साहेब, गाडी पंक्चर का?" हा पहिला प्रश्न. नाही म्हटलं, की "मग डॉक्टरनं सांगितलं काय?" हा दुसरा. त्यालाही नाही म्हणालात, तर तिसरा प्रश्न तुम्हाला विचारत नाहीत. तो तुमच्या घरी जाऊन विचारतात.

सांगायचा मुद्दा असा, की चालण्यासाठी चालणं हा प्रकार आम्हां मराठवाड्याच्या लोकांच्या अंगवळणी पडलेला नाही. आमच्याकडं माणूस चालतो तो कुठंतरी पोचायला. आणि माझ्या लहानपणी तर गावातल्या निम्म्या पायवाटा एकाच ठिकाणी पोचायच्या, पाण्यावर. पहिली वाट आडाकडं. आड आटला की दुसरी मळ्यातल्या विहिरीकडं. विहिरीनं तळ दाखवला की तिसरी नदीत, वाळू उकरून काढलेल्या झिऱ्याकडं. उन्हाळा चढेल तशी वाट लांबायची. त्या वाटांवर निसर्गसौंदर्य नव्हतं असं नाही. पण डोक्यावर भरलेली घागर असली, की मान वळवून सौंदर्य बघायची सोय नसते.

त्यामुळं पुण्याच्या आमच्या चिरंजीवांनी जेव्हा मोबाईलवर समुद्रकाठच्या आणि बेटांवरच्या रमणीय पायवाटांची एक यादी धाडली आणि खाली 'आईला घेऊन एकदा जाऊन या' असं लिहिलं, तेव्हा मी ती मोठ्यानं वाचून दाखवली. आमची ही शेंगा फोडत बसली होती. तिनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि विचारलं,

"म्हणजे पाण्याकडं चालत जायचं?"

"हो."

"अन् रिकाम्या हातानं परत यायचं?"

"हो."

"अन् त्याचे पैसे द्यायचे?"

मी शेंगा फोडू लागलो.

पाण्याच्या बाबतीत हिचा अधिकार मोठा आहे. ती नांदेडची. गोवर्धन घाटावर, गोदावरीच्या साक्षीनं वाढलेली. १९७८ साली मी तिला बघायला गेलो, तेव्हा तिच्या वडिलांनी माझा पगार विचारला नाही, शिक्षण विचारलं नाही. त्यांनी एवढंच विचारलं, "लातूरला पाणी कसं आहे?" लातूर तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यातला एक तालुका होता, आमचा रुबाब तो कितीसा! पण आमचे वडील डगमगले नाहीत. म्हणाले, "आमच्या आडाला बारमाही पाणी." हे खोटं नव्हतं. ते बारा महिने एकाच वर्षातले आहेत, असं मात्र ते म्हणाले नव्हते.

खरं काय ते तिला लग्नानंतरच्या पहिल्याच उन्हाळ्यात कळलं. ती काही बोलली नाही. रिकामी घागर माझ्यासमोर ठेवली आणि माझ्याकडं बघत उभी राहिली. माणूस अशा वेळी वाटेल ते बोलून जातो. मी म्हणालो, "तुला समुद्र दाखवीन." नदी सोडून आलेल्या बाईला भरपाई म्हणून समुद्र द्यायचा, असा माझा साधा कारकुनी हिशेब होता.

या गोष्टीला आता पंचेचाळीसच्या वर वर्षं झाली. मी वचन मोडलं नाही, पुढं ढकललं. पहिल्यांदा समुद्राचे पैसे साठले, ते आडातला गाळ काढण्यात गेले. दुसऱ्यांदा साठले, ते बोअरमध्ये गेले. अडीचशे फूट खाली गेलो, वर आला तो नुसता धुरळा. हिनं अंगणातली भांडी आत नेली आणि एवढंच म्हणाली, "गेला समुद्र." तिसऱ्यांदा रजासुद्धा मंजूर झाली होती. साल १९९३. दिवाळीत निघायचं ठरलं आणि ३० सप्टेंबरच्या पहाटे किल्लारीची जमीन हलली. त्यानंतर पुष्कळ दिवस आमच्या जिल्ह्यात सहलीचं नाव काढायची कुणाची छाती नव्हती. मधल्या काळात दोनदा मुंबईला जाणं झालं, पण दोन्ही वेळा लग्नाला, आणि दोन्ही लग्नं डोंबिवलीला. तिथून समुद्र दिसत नाही.

आणि मग आलं २०१६. पाण्याच्या टाक्यांभोवती गर्दी करू नये म्हणून लातुरात जमावबंदीचं १४४ कलम लागलं होतं, हे आता सांगितलं तर नातवंडांना चेष्टा वाटते. एप्रिलात मिरजेहून पाण्याची रेल्वे आली. पहिल्या खेपेला दहा वाघिणी, पाच लाख लिटर. पुढं पुढं पन्नास वाघिणी येऊ लागल्या. ती पहिली गाडी बघायला गाव लोटलं, त्यात हीसुद्धा. परत आली, पदरानं तोंड पुसलं आणि म्हणाली, "समुद्र दाखवायला मला रेल्वेनं नेणार होतात. शेवटी पाणीच रेल्वेत बसून आपल्याला बघायला आलं."

तर अशी पार्श्वभूमी असताना चिरंजीवांची यादी आली. मी सवयीनं म्हणालो, "बघू. पुढच्या वर्षी जमवू."

"पुढच्या महिन्यात गुडघ्यांचं ऑपरेशन आहे," ती म्हणाली. "नवे बसवायच्या आधी जुन्यांना समुद्र दाखवावा म्हणते. पाणी त्यांनी वाहिलंय, नव्यांनी नाही."

यावर पुढच्या वर्षाचं काही बोलण्यासारखं राहिलं नाही.

मग यादीची छाननी सुरू झाली. जिल्हा परिषदेत तीस वर्षं अर्जांची छाननी केलेला माणूस मी, पण इथं अंतिम अधिकार गुडघ्यांकडं होता. घारापुरीचं बेट: लाँचनं जायचं, धक्क्यावरून रमतगमत चालायचं, इथवर ठीक, पुढं लेण्यांपर्यंत शंभरावर पायऱ्या. नामंजूर. हरिहरेश्वरची प्रदक्षिणा: देवळामागून डोंगर चढून, दगडी पायऱ्यांनी थेट समुद्राच्या खडकांवर उतरायचं आणि लाटांच्या कडेनं वळसा घालून यायचं. वाट म्हणे अप्रतिम, पण फक्त ओहोटीची. पायऱ्या ऐकूनच गुडघ्यांनी हात जोडले. गोव्यातलं दिवाडी बेट: फेरीबोटीतून उतरलं की सपाट रस्ते, भातशेती, जुनी टुमदार घरं. हे पसंत पडलं होतं, पण लातूरहून गोवा म्हणजे चालण्याआधी बसून बसूनच गुडघे धरायचे. जंजिरा आणि सिंधुदुर्ग: तिथं होडीशिवाय पाऊल ठेवता येत नाही, आणि हलत्या होडीत चढणं-उतरणं आलं.

राहिला अलिबागचा कुलाबा किल्ला. किनाऱ्यापासून किलोमीटर-दीड किलोमीटरवर भर समुद्रात उभा. पण ओहोटी लागली की समुद्र मागं सरतो आणि वाळूतून सपाट वाट मोकळी होते. म्हणजे दिवसातून दोनदा ते बेट असतं आणि दोनदा नसतं. चढ नाही, पायरी नाही, होडी नाही. शिवाय दमलंच कुणी, तर घोड्याचे टांगे आहेत. गुडघ्यांनी मंजुरी दिली.

गेल्या हिवाळ्यात आम्ही निघालो. रात्रीची मुंबईची गाडी, सकाळी गेटवेवरून मांडव्याची लाँच. लाँच धक्क्यापासून सुटली आणि दोन्ही बाजूंना पाणीच पाणी झालं. मी हिच्या चेहऱ्याकडं बघत होतो. एवढ्या वर्षांचं वचन फिटण्याचा क्षण. निदान डोळ्यांत पाणी तरी येईल, अशी अपेक्षा होती. तिनं उजवीकडं बघितलं, डावीकडं बघितलं आणि काळजीच्या सुरात म्हणाली, "एवढं पाणी अन् उघडंच?"

लातूरच्या बाईला दुसरं काही सुचणं शक्य नाही. आमच्या घरात चहाच्या कपावरसुद्धा बशी असते.

अलिबागेत एका घरगुती खानावळीत उतरलो. रात्री जेवताना मी बाईंना विचारलं, "उद्या किल्ल्यावर जायचंय, वाट किती वाजता सुटते?" बाईंनी घड्याळ बघितलं नाही, मोबाईल उघडला नाही. आमटी वाढता वाढता म्हणाल्या, "उद्या संकष्टी ना? चार पाऊण तीन. दुपारी तीनला भरती, म्हणजे सकाळी नवाच्या पुढंमागं ओहोटी. सातला निघा नि साडेदहाच्या आत परत या."

माझ्या हातातला घास हातातच राहिला.

चार पाऊण तीन! वाचकहो, तुमच्यापैकी जे पन्नाशीच्या आतले असतील, त्यांना यातलं दुःख समजणार नाही. आमच्या वेळी शाळेत पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी असे पाढे होते. त्यातल्या पाऊणकीसाठी मी जेवढा मार खाल्ला, तेवढा दुसऱ्या कशासाठी खाल्ला नाही. पाच पाऊण किती म्हटलं, की माझी जीभ टाळ्याला चिकटायची. एकदा धीर करून विचारलं होतं, "गुरुजी, ह्या पाऊणकीचा उपयोग काय?" त्याबद्दल वेगळ्या दोन छड्या बसल्या. त्या प्रश्नाचं उत्तर मला साठ वर्षांनी, समुद्रकाठी, आमटीबरोबर मिळालं. गुरुजींचाही दोष नाही. त्यांनी तरी समुद्र कुठं बघितला होता?

बाईंनी समजावून सांगितलं ते असं. अमावास्येला आणि पौर्णिमेला भरती दुपारी बाराच्या सुमारास असते. पुढं रोज ती पाऊण तासानं, किंवा किंचित जास्तच, उशिरा येते, कारण चंद्रच रोज तेवढा उशिरा उगवतो. म्हणून तिथीची पाऊणपट केली, की भरतीची वेळ निघते. त्याच्या सहा तास आधी किंवा नंतर ओहोटी. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं, तेव्हा समुद्र जास्त पुढं येतो आणि जास्त मागंही जातो. अष्टमीच्या सुमारास भांग असते, तेव्हा धड पुढं नाही, धड मागं नाही. अशा दिवशी वाट पुरती उघडेलच असं नाही.

ही हे सगळं कान देऊन ऐकत होती. शेवटी म्हणाली, "म्हणजे चंद्र हा ह्यांचा व्हॉल्वमन."

व्हॉल्वमन म्हणजे नळाच्या पाण्याची कळ फिरवणारा माणूस. आमच्या गल्लीत त्याला जेवढा मान आहे, तेवढा आमदारालाही नसेल. तो कधी येईल हे कुठल्याच पाढ्यात बसत नाही. आठ दिवसांनी येईल, दहा दिवसांनी येईल, पहाटे तीनला येईल. आणि इथं दिवसातून दोनदा, पाढ्यात सांगितलेल्या वेळेला पाणी! "नशीबवान लोक," ती म्हणाली. पिण्याजोगं नाही, एवढाच त्या नशिबातला खोट.

सकाळी सातला किनाऱ्यावर गेलो. काल संध्याकाळी जिथं लाटा आपटत होत्या, तिथून समुद्र चक्क उठून गेला होता. ओली, घट्ट वाळू लांबवर पसरली होती, तिच्यावर पाण्याच्या नक्षीच्या बारीक रेघा, मधे मधे घोट्याएवढ्या पाण्याची थारोळी, आणि टोकाला काळाभोर किल्ला. हिनं चपला काढून माझ्या हातात दिल्या, पदर खोचला आणि चालायला लागली. टांगेवाला मागं मागं येत होता. "काकी, बसा. दमाल." ती म्हणाली, "येताना बघू." मी तिच्या दोन पावलं मागं. ती हळू चालत होती, पण एका विशिष्ट चालीनं: मान ताठ, कमरेपासून वरचं अंग स्थिर. थोड्या वेळानं माझ्या लक्षात आलं, की डोक्यावर घागर नसतानाही ती घागरीचंच चालत होती. अर्ध्या वाटेवर ती थांबली, आणि तिनं पहिल्यांदा मान वळवली. डावीकडं समुद्र बघितला, उजवीकडं समुद्र बघितला. मग खाली वाकून थारोळ्यातला एक खेकडा बघितला. चांगला पाच मिनिटं बघितला. त्यानंतरची चाल वेगळी होती. मला वाटतं, घागर तिथं उतरली.

वाळू संपून किल्ल्याजवळचे शेवाळलेले खडक आले, तेव्हा तिनं हात पुढं केला. इतक्या वर्षांत चारचौघांत आम्ही एकमेकांचा हात धरलेला नव्हता. इकडं तिकडं बघून मी तो धरला. लातूरचं कुणी नव्हतं.

कुलाबा किल्ल्याचं बांधकाम शिवाजी महाराजांच्या आज्ञेनं १६८० साली सुरू झालं आणि संभाजी महाराजांच्या काळात पुरं झालं. पुढं कान्होजी आंग्र्यांच्या आरमाराचं हे मोठं ठाणं. तटाचे थोरले दगड नुसते एकावर एक रचले आहेत, सांध्यात चुना नाही. लाट आदळली की पाणी फटींत शिरतं आणि तिचा जोर जिरून जातो. आमच्या संसाराची बांधणीही याच पद्धतीची असावी, असं मी म्हणालो. "फटी तेवढ्या दिसतात," ती म्हणाली.

आत सिद्धिविनायकाचं देऊळ आहे, राघोजी आंग्र्यांनी १७५९ साली बांधलेलं. संकष्टीचं दर्शन झालं. आणि मग तिला विहीर दिसली. भर समुद्रातल्या किल्ल्यात गोड्या पाण्याची विहीर! चहूकडं खारं पाणी आणि मधे हे. ती काठाशी उभी राहून वाकून बघत राहिली. बऱ्याच वेळानं विचारलं,

"आपली बोअर किती फूट होती हो?"

"अडीचशे."

"हं."

हा 'हं' पंचेचाळीस वर्षांच्या हिशेबाचा होता. मी उत्तर दिलं नाही. तीही पुढं काही बोलली नाही. आम्ही तिथंच सावलीत बसलो आणि वेळेचं भान सुटलं.

मधे टांगेवाला एकदा डोकावून म्हणाला होता, "काका, पाणी फिरलं हं." आमच्याकडं पाणी फिरलं म्हटलं, की माणूस "कशावर?" असं विचारतो. मी तेच विचारलं. तो वेड्याकडं बघावं तसं बघून निघून गेला. ओहोटी संपून भरतीला सुरुवात झाली, हा त्याचा अर्थ मला फार उशिरा कळला.

आणि मग दरवाजाकडून आरोळी आली, "पाणी आलं! पाणी आलं!"

लातूरच्या माणसाला ही हाक झोपेत, आजारपणात, लग्नाच्या बोहल्यावर, कुठंही ऐकू आली तरी त्याचं शरीर एकाच प्रकारे वागतं. मी ताडकन उठलो. ही माझ्याआधी उठली होती आणि तिच्या हातात रिकामी बाटली होती. आम्ही दोघंही दरवाजाबाहेर धावलो आणि थबकलो, कारण बाकीची सगळी माणसं पाण्यापासून लांब, किनाऱ्याकडं पळत होती. पाणी आलं म्हणून माणसं पळून जाताना आम्ही जन्मात पहिल्यांदा बघितली.

वाट अजून होती, पण अरुंद झाली होती, आणि मधल्या सखल भागात पाणी नडगीपर्यंत चढलं होतं. शेवटचा टांगा उभा होता, त्यात जागा एकच. मी मोठ्या मनानं म्हणालो, "तू बस." मला वाटलं, ती म्हणेल, "छे, बुडलो तर दोघंही." ती आधीच बसली होती. घोडा पाणी उडवत निघाला. ही मागं वळून बघत होती, हात हलवत होती, आणि मोठ्यानं हसत होती. मी तिच्या चपला डोक्यावर धरून पाणी तुडवत चाललो होतो. काठावर पोचलो तेव्हा गुडघ्यापर्यंत भिजलो होतो. ती म्हणाली, "बघा, आज पहिल्यांदा डोक्यावर ओझं घेऊन पाण्यातून तुम्ही आलात."

रात्री नवाच्या सुमारास चंद्रोदयाला आम्ही पुन्हा किनाऱ्यावर गेलो. चंद्र गावाच्या बाजूनं, माडांच्या आडून उगवला. २०१६ साली हिनं संकष्टीला चंद्राला पळीभर पाण्याचं अर्घ्य दिलं होतं, आणि तेही तुळशीच्या कुंडीत, वाया जाऊ नये म्हणून. आज तिनं खानावळीतून तांब्या भरून आणला होता. सगळा तांब्या वाळूत ओतला. मग थोडी ओशाळून माझ्याकडं बघितलं. मी म्हणालो, "असू दे. आज व्हॉल्वमनचा दिवस आहे."

समोर समुद्र पुन्हा मागं गेला होता. ओली वाळू चांदण्यात चमकत होती आणि सकाळची वाट किल्ल्यापर्यंत मोकळी पडली होती. आपण इतकी वर्षं समजत होतो, समुद्र कुठं पळून जातोय, तो तिथंच असणार. तो असतोच. वाट तेवढी वेळेवर जाते.

"छान झालं," मी म्हणालो. "गुडघे बरे झाले की पुढच्या वर्षी..."

"उद्या पाच पाऊण किती?" तिनं विचारलं.

माझी जीभ पुन्हा टाळ्याला चिकटली.

"पावणेचार," तीच म्हणाली. "म्हणजे ओहोटी पावणेदहाला. उद्या पुन्हा जाऊ. अन् टांग्यात आधी तुम्ही बसा."